दोन बोटं मिशी

वस्तरा मिशीपाशी येऊन थांबला, आणि हातातल्या आरशात बद्रीनाथ मास्तरांना ती पुन्हा दिसली — नाकाखाली दोन बोटं रुंद, काळीभोर, मूर्ख चौकोनी. पाच वर्षांपूर्वी, पॅरिस पडलं त्या आठवड्यात, त्यांनी याच पुंजाराम न्हाव्याकडून ती हौसेनं तशी कापून घेतली होती... साऱ्या जाफराबादेत अशी मिशी एकच. वडील, आबा, तेव्हा एवढंच म्हणाले होते, "माणसावानी ठेव." ऐकलं नाही. इंग्रजाची जिरवणारा बहाद्दर म्हणे!

आणि तो बहाद्दर तळघरात शिरून मेला. कालच्या टपालानं आलेल्या वर्तमानपत्रात सगळं होतं, वाचताना मास्तरांना किळस आली. लोक म्हणतात, हिटलर रशियाच्या थंडीनं हरला. कसली थंडी! स्टॅलिनग्राडला फौज वेढ्यात सापडली, तिला मागं फीर म्हणायला याची जीभ रेटली नाही, एवढंच. 'चुकलो' म्हणण्यापेक्षा लाखो माणसं बर्फात मेलेली परवडली त्याला... भित्रा! चार लोकांत आपलं तोंड राहावं म्हणून दुसऱ्याचं मरण बघत बसणारा भित्रा.

"काढून टाक ही," मास्तर म्हणाले.

पुंजारामानं वस्तरा खाली घेतला. "बाप जिता असताना मिशी काढतेत का, मास्तर? गाव इचारील, आबा कधी गेले."

खरंच की. रागाच्या भरात एवढी साधी गोष्ट ध्यानात आली नव्हती. बरं, बाजूनं वाढू द्यावी, तर महिनाभर बाजारात जो तो हसून विचारणार — काय मास्तर, तुमचा बहाद्दर चुकला वाटतं? पाच वर्षं त्यांनीच तर पारावर बसून पेपर वाचून दाखवला होता, जर्मन जिंकणार म्हणून पैजा मारल्या होत्या. मग म्हणावं लागणार, की हो... नको. त्यापेक्षा एकदाच, सगळी, कुणी काही विचारणार नाही अशा दिवशी —

"आबाची तब्येत कशी हाय आता?" पुंजारामानं विचारलं. तीन आठवडे आबा अंथरुणाला खिळून होते.

"काल रात्रीपासून ताप नाही. सकाळी पेज मागून घेतली," मास्तर म्हणाले, आणि आपलाच आवाज त्यांना ऐकू आला. आज टपालाची मोटार आली नाही, हे सांगताना लागतो तसा, हिरमुसलेला.

म्हणजे मी... आत्ता, या घडीला, मी वाट कशाची पाहत होतो?

पुंजाराम वस्तरा धरून उभाच होता. मास्तरांनी आरसा मांडीवर पालथा घातला, पण नाकाखाली ती जागा आता जड लागत होती.