लाल कॅप्सूलचा हट्ट

मी रिफाम्पिसिन बोलतोय. क्षयाच्या जंतूचा जुना वैरी. रंगाने लालभडक, स्वभावाने हट्टी. माझा मूळपुरुष मातीतल्या एका सूक्ष्म जिवापासून जन्मला. मी मात्र कारखान्यात कॅप्सूलमध्ये भरला गेलो आणि पोर्तुगालच्या उत्तरेला, एका खेड्यात, अदेलिनोच्या घरी आलो.

अदेलिनोची हयात ग्रॅनाइट फोडण्यात गेली. दगडाच्या धुळीने फुप्फुसं पोखरली आणि मागोमाग क्षय आत शिरला. त्याचा जीव मात्र गावच्या बँडमधल्या ट्युबात, त्या भल्यामोठ्या पितळी वाद्यात, अडकलेला. औषधाने खोकला थांबला, अंगावर मूठभर मांस चढलं, तसा गडी फुशारला. बायकोसमोर मला तोंडात टाकल्याचं सोंग करायचा आणि हळूच खिशात सोडायचा.

माझा नुसता जळफळाट! लढायला आलेल्याला खिशातल्या तंबाखूच्या भुग्यात कोंडायचं?

त्या सकाळी गावात संताची मिरवणूक होती. बेल्मीराने नवऱ्याचा कोट झटकला आणि मी टपकन फरशीवर पडलो.

“हे काय रे?”

“बरा झालोय मी! ही गोळी घेतली की लघवी लाल, डोळ्यांतलं पाणी लाल. मी माणूस आहे की वाइनचं पिंप?”

“पिंप परवडलं. ते खोटं तरी बोलत नाही.”

“आज मी वाजवणार!”

“आणि शेजारच्या पोरांच्या तोंडावर काय फुंकणार? जंतू?” तिने ट्युबाची तोंडनळी एप्रनमध्ये टाकली. “आधी गोळी घे. मग दवाखान्यातल्या नर्सबाईंना खरं सांगायचं. त्या हो म्हणाल्या की वाजव. तुझ्यामागे या टेबलावर मी एकटीने सूप पिणार नाही, सांगून ठेवते.”

तिने डब्यातून काढलेले माझे भाऊ अदेलिनोने एकामागून एक गिळले. मला, भुग्याने माखलेल्याला, तिने बाजूला ठेवलं.

आता माझे भाऊ आत आहेत. जंतूच्या पोटात त्याचे हुकूम उतरवून घेणारं एक यंत्र असतं. आम्ही नेमके त्यातच अडकून बसतो. हुकूम थांबले की जंतू संपला. आमच्यासोबत दिलं जाणारं दुसरं औषध, आमचा सोबती आयसोनियाझिड, त्याला मेणचट भिंत बांधू देत नाही. पण काही जंतू झोपेचं सोंग घेतात, म्हणून महिनोन्‌महिने पहारा लागतो. मध्येच सोडलंत, तर वाचलेला जंतू आम्हाला चकवायला शिकतो.

बँड दारावरून गेला. अदेलिनो खिडकीत उभा होता, हवेतच ट्युबाच्या कळा दाबत.

मी वाया गेलो, त्याचं दुःख नाही. उद्या माझा दुसरा भाऊ येईल, परवा तिसरा. तुम्ही फक्त तोंड उघडा. त्या जंतूला आम्ही बघून घेऊ.