अष्टमीचे पाणी

“उतरलं बघा वहिनी! मघाशी तो खडक दिसत नव्हता,” अंबादास म्हणाला.

“सकाळधरनं दिसायलाय तो. तुमचं ध्यान आत्ता गेलं,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाय पसरले. पाय कसले, दोन लाकडे झाली होती.

समोर खाडी होती. पलीकडच्या काठावरची माडांची राई, तिच्यात दडलेली कौले, एका घरातून निघणारा धूर, सगळे हाकेच्या अंतरावर. पण मधे पाणी. माघाचा महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि पाणी मात्र माणसाला बुडवील इतके. उजाडल्यापासून दोघे ते उतरायची वाट पाहत सुरूच्या झाडांखाली बसली होती.

घाट उतरून एस्टीने किनाऱ्याशी सोडले त्यानंतर सगळी चालच होती. वाळूत एक पाऊल पुढे टाकावे तर अर्धे मागे येते. तुळजापूरच्या दगडधोंड्यांची सवय असलेल्या पायांना ही मऊ वाट जास्त जाचत होती. गाव लागले तर देवळात पथारी, नाही लागले तर वर ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला. तीन दगडांची चूल, समुद्राने टाकलेली लाकडे, पिठले-भाकरी. खाऱ्या लाकडांचा धूर असा की जेवताना अंबादास रोज रडल्यासारखा दिसे. पिण्याच्या पाण्याची तेवढी पंचाईत झाली नाही. चंद्रप्रभाबाईंचे माहेर तेरचे. लहानपणी तेरणेच्या वाळूत त्यांनी पुष्कळ झिरे उकरले होते. इथेही त्यांनी भरतीच्या रेघेच्या बऱ्याच वर, झाडांच्या मुळाशी हाताने वाळू उकरली आणि गोडे पाणी काढले. समुद्राच्या उशाला गोडे पाणी पाहून अंबादासला देवी पावल्यासारखे वाटले. चंद्रप्रभाबाईंना काहीच वाटले नाही. त्या एका पाण्यासाठी इतक्या लांब आल्या होत्या, आणि ते हे नव्हे.

तुळजापूरच्या पुजाऱ्यांचे यजमान पार कोकणपट्टीपर्यंत पसरलेले. अंबादासचे थोरले भाऊ नारायणराव दर साली संक्रांत झाली की अंगारा, कुंकू आणि कवड्यांच्या माळा झोळीत घालून इकडे यायचे आणि खाड्या ओलांडत, किनाऱ्याकिनाऱ्याने पायी फिरून घरोघर देवीचा प्रसाद पोचवायचे. ‘त्यांचे यजमान कोकणात, अन् माझे यजमान त्यांच्या मागं,’ असे चंद्रप्रभाबाई नवी नवरी असताना हसून म्हणायच्या. पुढे ते हसणे गेले.

नारायणराव असेच इकडे आले असताना त्यांची पाच वर्षांची लेक शारदा तापाने फणफणली. निजामाचा अंमल होता, माणूस पाठवून सोलापुराहून तार करवली. तार पोचल्याचे नंतर कळलेही. पण नारायणराव आले ते पोरीला मसणात पोचवून झाल्यावर, पै-पाहुणेसुद्धा आपापल्या गावी परतल्यावर. दारात उभे राहून एवढेच म्हणाले, “खाडीचं पाणी उतरलं न्हाई.”

माघात! माघात तेरणेला ढोपरभर पाणी नसते. पूर यावा तर पावसाळ्यात यावा, आणि आला तरी दिवसा-दोन दिवसांत ओसरावा, हे चंद्रप्रभाबाईंचे पाण्याचे सारे ज्ञान. आभाळ कोरडे ठणठणीत असताना कुठले पाणी उतरत नाही? माणसाने निदान खोटे तरी धड बोलावे, असे त्यांच्या मनात आले. त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी ताट वाढले, तांब्या भरून ठेवला आणि बोलणे टाकले. लागेल तेवढा शब्द, तोही भिंतीकडे पाहून. नारायणरावांनीही पुन्हा त्या पाण्याचे नाव काढले नाही. घुमे झाले ते घुमेच राहिले, आणि गेल्या भादव्यात तसेच गेले.

यंदा प्रसाद कुणी न्यायचा हा प्रश्न आला. तहसील कचेरीत कारकून असलेल्या अंबादासने रजा काढली तेव्हा वहिनी म्हणाल्या, “मी बी येते.” विधवा बाई दिराबरोबर समुद्रावर निघाली म्हणून आळीत कुजबुज झाली. होईना का, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? या दिराला त्यांनी न्हाऊमाखू घातले होते, त्याचा शेंबूड पुसला होता. त्याची काही नाही म्हणायची छाती नव्हती. कशाला येता, एवढे मात्र त्याने विचारले.

“ते पाणी बघायचंय मला,” त्या म्हणाल्या होत्या. “ते खोटं बोलले का खरं, एवढं कळलं की सुटले मी.”

ऊन डोक्यावर आले. पाणी थोडे हटले, आणि हटता हटता थांबले. अंबादास धोतर खोचून आत शिरला. कमरेच्या वर गेल्यावर पायाखालची वाळू निसटू लागली, तसा तो घाईघाईने मागे फिरला.

“मागल्या खाड्या तर गुडघाभर पाण्यातनं पार केल्या की आपण!” तो वैतागून म्हणाला. “अन् मी मुद्दाम दिवस धरला हो. अष्टमीला देवीचा प्रसाद यजमानाच्या दारी जावा म्हणून काल दिवसभर बेजार होऊन चाललो. दादांनी कधी असा दिवस बघितला न्हाई. देवीचा पुजारी, अन् भर आवसेला लोकाच्या दारात जायचे!”

जवळच्या खडकावर एक म्हातारी कोयतीने कालवांचे शिंपले फोडत होती. ती मान वर न करता हसली.

“अष्टमी धरून आलात? मग बसा आता. आज भांग हाय.”

म्हातारी नशापाण्याचे काहीतरी बोलते आहे असे अंबादासला वाटले. “भांग?”

“पाण्याचा भांग रे बाबा. सातम-आठमीला पाणी धड चढत नाय, धड उतरत नाय. आवस-पुनवेला येऊन बघ, ही खाडी उघडी पडते, गुरं चालत जातात. आता दशमी-एकादशीपातूर काय उतरायची नाय.”

“आभाळात ढग नसला तरी?” चंद्रप्रभाबाईंनी विचारले.

“ढगाचा काय संबंध? चंद्राचं काम हे.”

“माघात बी?”

“बारा महिने, बाई.”

इतक्या वर्षांत चंद्रप्रभाबाईंनी हे पाणी मनात नाना तऱ्हेने रंगवले होते. कधी त्याच्या जागी पत्त्यांचा डाव असे, कधी दुसरी बाई, कधी नुसता आळस. ते असे असेल, निळे, शांत, उन्हात चमचमणारे आणि कुणाचेही न ऐकणारे, हे त्यांच्या कधी ध्यानात आले नव्हते. आपण किती मोठा अन्याय केला, हे त्यांना त्या भर उन्हात लख्ख कळले आणि त्या कळण्याचे काय करावे ते कळेना.

म्हातारीचे लक्ष आता झोळीकडे गेले होते. “तुळजापूरचे काय तुमी? ते बुवा नाय आले यंदा?”

“माझे थोरले भाऊ ते. गेले,” अंबादास म्हणाला.

म्हातारीने कोयती खाली ठेवली. “अरे देवा. पाण्याचा दिवस बघून यायचे नेहमी. एका सालीच फसले. पलीकडं आमच्या गावात होते, तिथं त्यांना लेकीची तार आली. असंच भांगाचं पाणी. होड्या सगळ्या जत्रंला गेलेल्या. उतरू दे बुवा, म्हणून आमी कानीकपाळी ओरडलो, पण ऐकतील तर! झोळी टाकली अन् शिरले पाण्यात. पवायला येत नव्हतं त्यांना. माझ्या नवऱ्यानं ओढून काढलं. त्याची पाठ वळली की परत शिरले. शेवटी गड्यांनी माडाला बांधून घातलं त्यांना, पाणी उतरंपातूर. भाकर पुढं केली तर तोंड फिरवायचे. नुसते हाका मारायचे त्या पोरीला.”

सुरूतून वारा वाहत होता.

“कुठवर गेले होते पाण्यात?” चंद्रप्रभाबाईंनी विचारले.

म्हातारीने आपला ओला हात गळ्याला लावला.

“दादा हे कधी बोलले न्हाईत घरी,” अंबादास पुटपुटला.

“मी कुठं विचारलं?” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा होता. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते, आणि त्या ते पुसत नव्हत्या. “माडाला बांधलेला माणूस सुटून घरी आला, भाऊजी, अन् मी त्याला ताट वाढून पाठ फिरवली. का उशीर झाला, एवढं तरी विचारायचं.”

म्हातारीने बाईकडे नीट पाहिले. तिला कळले असावे. ती हळू आवाजात म्हणाली, “माझा लेक होडी घेऊन येतोय मला न्यायला. चला पलीकडं. आमच्यात टेका.”

अंबादास लगबगीने वळकटी बांधू लागला. “देवीनंच धाडलं तुम्हाला. अष्टमी साधंल. उठा वहिनी.”

“न्हाई,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “हे उतरंपर्यंत मी हितंच बसते. उतरलं की चालत जाईन.”

“अहो, दिवस टळंल!”

“टळू द्या.”

वहिनींचा हा सूर अंबादासला लहानपणापासून ठाऊक होता. त्याने वळकटी पुन्हा सोडली.

म्हातारी कालवांची टोपली सावरत उभी राहिली. “इतकी वर्षं आमी नुसतं बुवाच म्हणायचो त्यांना,” ती म्हणाली. “नाव काय हो त्यांचं?”

अंबादासने तोंड उघडले. असा प्रश्न आला की घरच्या बाईने खाली पाहायचे आणि उत्तर दुसऱ्या कुणी द्यायचे, हीच रीत. चंद्रप्रभाबाईंनी ते नाव लग्नात एकदा, बायकांनी फारच आग्रह केला म्हणून, उखाण्यात घेतले होते. त्यानंतर कधी नाही.

“नारायण,” त्या म्हणाल्या. मग पाण्याकडे तोंड करून पुन्हा, थोडे मोठ्याने, “नारायणराव.”

पलीकडच्या काठावरून एक लहानशी होडी निघाली होती. अंबादास चुलीसाठी लाकडे शोधायला सुरूत गेला. पाणी परत चढू लागले होते. चंद्रप्रभाबाई उठून काठाशी गेल्या आणि ते पावलांना लागल्यावरही तिथेच उभ्या राहिल्या.