काळ्या वाळूची हाक

भुईगावच्या किनाऱ्यावर त्या भादव्यात नुसती झुंबड उडाली होती. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. वसईहून रिक्षा भरभरून लोक येत होते, आणि मधोमध पाटावर बसले होते भस्मनाथ महाराज. नाव त्यांनी स्वतःच ठेवलेलं, दुसरं कोण ठेवणार!

समोर दोन पितळी ताटांत वाळू, एकात पांढरट, एकात काळी. फडकं गुंडाळलेला उजवा हात महाराजांनी पांढरीवर धरला. काही नाही. "ही परकी!" मग हात काळीवर नेला. "माये, पोराचं नाव घे!"

"अल्पेश," समोर बसलेली बायजा म्हणाली.

हात जरा खाली आला नि काळे कण ताठ उभे राहिले. "बघा! बुडालेल्यांची राख! हाक मारतेय!" गर्दीनं हात जोडले.

बायजाचा अल्पेश ज्येष्ठात समुद्रात बुडाला. तेव्हापासून तिच्या आत काही हलतच नव्हतं. भात शिजवायचा, वाढायचा, भांडी घासायची. शेजारी सून, अल्पेशची बायको संजना, बसली होती, पाच महिन्यांची पोटुशी, चेहरा पांढराफटक. डॉक्टरीणबाईंनी तिला रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या होत्या. महाराजांनी फर्मावलं, "गोळ्या बंद! ही राख पाण्यातून पाज, पोटी अल्पेशच येईल." आठ दिवस झाले, गोळ्या फडताळातच होत्या. काल संजना विहिरीपाशी चक्कर येऊन पडली. बायजानं तिला उठवलं, आणि स्वतः बायजाला काहीसुद्धा वाटलं नाही.

"मी बघू का हाक मारून?" मागून कोणीतरी म्हणालं. ती ज्ञानदा. बोळिंजला राहायची, कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. दोन महिने पिशव्यांत वाळू भरत हिंडायची, म्हणून गाव तिला 'वाळूवाली' म्हणून हसायचं. तिनं पर्समधून लोहचुंबक काढून काळ्या वाळूवर धरलं. कण टुणकन उभे! "आणि माझं तर कोणी बुडालेलं नाही."

"पाखंडी! भस्म होशील!" महाराज ओरडले.

ज्ञानदानं दोन पिशव्या सोडल्या. "ही वैतरणेच्या पात्रातली वाळू, इथून कितीतरी वरची. ही डोंगरातल्या काळ्या दगडाची, मी घरी कुटलेली पूड." दोन्हींतले काळे कण चुंबकाला चिकटले. "त्या दगडात लोखंड असतं. पावसानं दगड झिजतो, नदी कण खाली आणते. लाटा हलकी वाळू उचलून नेतात, जड काळी मागे राहते."

"तांदूल रोळतात तशी," बायजा एकदम म्हणाली. "खडे तळाला."

"अगदी तश्शीच, मावशी!"

बायजा ताटाकडे बघत राहिली. "लगीन झाल्यापासून मी ह्याच वाळूनं भांडी घासते. दर पावसाल्यात येते ही."

"आमी पन!" मागून बायका म्हणाल्या. घ्या! वर्षानुवर्षं टोप घासले, तेव्हा कोणाला राख दिसली नाही!

बायजाचा नवरा बळीराम उठला. आठ दिवस त्यानं महाराजांचे पाय चेपले होते. "हात दावा, म्हाराज."

"शाप लागेल!"

"लागू दे." त्यानं फडकं ओढलं. आतून लाऊडस्पीकरमधलं चपटं चुंबक खाली पडलं, काळ्या वाळूनं केसाळ झालेलं. महाराजांनी जी धूम ठोकली, पाटसुद्धा मागे राहिला.

घरी आल्यावर बायजानं फडताळातून गोळी काढून सुनेच्या हातावर ठेवली.

"आई, म्हणजे आमचे हे हाक मारत नव्हते?"

"नाय," बायजा म्हणाली. "कोन हाक मारत नाय. गोळी घे."

बाबांनो, दुःखात माणसाला काहीही खरं वाटतं, त्यात लाज कसली? पण हात जोडण्याआधी समोरच्याचा हात उघडून बघा, आणि औषध कोणाच्याही सांगण्यावरून फडताळात टाकू नका.

बायजाला तेव्हाही रडू आलं नाही. पाण्याचा पेला घेऊन ती संजनापुढे उभी राहिली, आणि गोळी घशाखाली उतरल्यावरच बाजूला झाली.