दोन खोल श्वास

चूक माझीच. आधीच सांगून टाकते, उगाच आडवळणं घेत बसत नाही.

प्रयोगशाळेत उंदरांची फुप्फुसं किती ताणतात ते मी मोजते. सेप्सिस झाला, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनला, की फुप्फुस कडक होतं. म्हणून उंदरांना जंतूंचं इंजेक्शन द्यायचं, त्यातल्या अर्ध्यांना नवं औषध द्यायचं आणि फरक पडतो का ते बघायचं. उंदराला गाढ भूल द्यायची, श्वासनळीत नळी घालायची, यंत्राने मोजून हवा सोडायची आणि दाब बघायचा. त्याआधी प्रत्येकाला दोन खोल श्वास द्यायचेच, फुप्फुसाचे मिटलेले कोपरे उघडावेत म्हणून. मोजून झालं की त्याला भुलेतच संपवायचं. पुन्हा मोजू म्हटलं तर उंदीर उरलेला नसतो.

त्या दिवशी लेकीच्या शाळेत नाटक होतं. औषध दिलेले सहा उंदीर नीट मोजले. मग घड्याळ बघितलं, आणि उरलेल्या सहांना, औषध न दिलेल्यांना, ते श्वास दिलेच नाहीत. म्हटलं, मरायलाच तर टेकलेत, काय फरक पडतो. मोठी शहाणी मी. लेक नाटकात झाड झाली होती. दोन मिनिटांचं काम, पण मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आकडे घेऊन आल्या. "बाई, औषध लागू पडतंय. औषध न दिलेल्यांची फुप्फुसं बघा किती कडक आहेत." या औषधामागे त्यांची नऊ वर्षं गेलीत. कडक दिसणारच, त्यांचे मिटलेले कोपरे मी उघडलेच नव्हते.

चार दिवस मी तोलत राहिले. गप्प बसले तर उद्या हे कदाचित बिनकामाचं औषध कुणाच्या तरी आईला देतील. बोलले तर आणखी बारा जीव जाणार, माझ्या पायी. शेवटी गेले आणि सगळं सांगितलं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाराही पुन्हा करावे लागतील. अर्धे जुने, अर्धे नवे चालत नाहीत." मग म्हणाल्या, "जंतूंचं इंजेक्शन दुसऱ्या कुणाला द्यायला सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "मीच देते."

सोमवारी नवे बारा आले. धडधाकट, मिशा हलवणारे. पहिल्याला उचललं तर तो हातमोजा हुंगत उबेसाठी तळव्यातच मुटकुळं करून बसला.

"माझ्यामुळे आलास रे बाबा," मी म्हटलं, आणि सुई भरायला घेतली.