दुसऱ्याच्या हातचा चपान

अकिलायनं चपानाची घडी मोडली, तो झटकला आणि पुन्हा पहिल्यासारखी घडी घालून खुर्चीवर ठेवला. निळ्या मखमलीचा लांब अंगरखा, काठाला मेंढ्याच्या शिंगांची सोनेरी नक्षी. अंगाला लावून मात्र तिनं पाहिला नाही. मानाचा चपान आपल्या हातानं चढवायचा नसतो. वडीलधाऱ्या माणसानं तो खांद्यावर घालायचा, आशीर्वादाचे दोन शब्द बोलायचे, मग तो आपला.

बिश्केकच्या विद्यापीठानं शेतीच्या दूरशिक्षणातला सर्वोत्तम अभ्यासक्रम म्हणून तिचा अभ्यासक्रम निवडला होता. समारंभ फोनवरच होणार होता, म्हणून चपान नारिनकडे येणाऱ्या गाडीवाल्याबरोबर आधीच पाठवून दिला. तो घालायला घरात कोणीतरी मोठं असणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

घरात मोठी एकच, सासू. नवरा मॉस्कोत टॅक्सी चालवत होता. सकाळी सासू दूध काढून आली तेव्हा तिच्यापुढे चहाचा वाडगा ठेवत अकिलायनं विषय काढला होता. दुपारी थोडा वेळ थांबाल का, आपा, चपान तुम्हीच घालायला हवा.

आपानं पावाचा तुकडा सायीत बुडवला.

"भिंतीशी बोलायचा चपान देतात होय? मग मी रोज गायीशी बोलते. मलाही एखादी टोपी पाठवायला सांग."

आणि ती शेजारच्या लग्नघरी बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळायला निघून गेली. दुसरी कुठली म्हातारी बोलवावी, तर घरात सासू असताना परक्या हातानं चपान घातला, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

भिंतीशी बोलणं, हे तसं खोटंही नव्हतं. डोंगरातल्या कुरणांवर राहणाऱ्या मेंढपाळांना ती हिवाळ्याच्या चाऱ्याचं शिकवायची. गवत कधी कापावं, ओलं रचलं तर गंजी आतून कशी पेटते, गाभण मेंढीला काय जास्त द्यावं. वर नेटवर्क नाही, म्हणून लहान लहान पाठ नुसत्या आवाजात भरून पाठवायची. ते एखाद्या टेकडीवर चढून फोनमध्ये उतरवून घेत आणि तंबूत बसून ऐकत. लेक बेगिमाय झोपली की ती फोनपुढे बसे, एक कान लेकीच्या श्वासाकडे. मधे एखादा विनोद केला की त्यांच्या हसण्यापुरती थांबे. त्या जागेत किटलीचा आवाज भरत असे.

समारंभ सुरू झाला तेव्हा बेगिमाय लोखंडी चुलीच्या दाराशी घुटमळत होती. अकिलायनं तिला मांडीवर ओढलं, कपाळ चाचपलं. ताप नव्हता. तरी पुन्हा चाचपलं. कॅमेरा तिनं बंदच ठेवला.

डीनसाहेब म्हणाले, एकही विद्यार्थी मधे गळला नाही असा हा एकच अभ्यासक्रम. मग तोक्तोबेकला बोलायला सांगितलं. प्रत्येक पाठावर शंका विचारणारा हा मेंढपाळ तिनं कधी पाहिला नव्हता. तो कुठल्याशा टेकडीवरून वाऱ्यासकट बोलला.

"बाई, तुम्ही विनोद करून थांबता ना, तेव्हा तंबूत सगळ्यात मोठ्यानं माझी बायको हसते. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो."

अकिलायनं लेकीच्या केसांत तोंड लपवलं.

"आता चपान," डीन म्हणाले. "घरचं कोण आहे जवळ?"

"सासूबाई आहेत."

"वा. मग घालू दे त्यांना. कॅमेरा लावा, आम्हीही बघतो."

"नेटवर्क पुरत नाही, सर."

तिनं घडी केलेला चपान उचलला, फोनजवळ नेला, मखमल मखमलीवर घासली. पलीकडे ती सळसळ ऐकू गेली असावी.

"घातला," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. मग एकेक करत सगळे निघून गेले आणि फोन काळा झाला.

चपान परत खुर्चीवर ठेवायला ती वळली. दारात आपा उभी होती. कोपरापर्यंत पीठ, हातात फडक्याखाली वाफाळणारं भांडं. कधी आली होती, कोण जाणे. तिनं भांडं खाली ठेवलं, एक बोरसोक फुंकून बेगिमायच्या हातात दिला.

"घातला म्हणे मी."

आपानं हात धुतले, टॉवेलला सावकाश पुसले, अगदी बोटांच्या बेचक्यांतून. मग चपान तिच्या हातातून घेऊन पूर्ण उलगडला.

"आणि आशीर्वाद काय दिला?"

"तो ऐकू आला नाही, आपा."

आपा हसली नाही. अकिलायनं तिच्याकडे पाठ केली आणि वेणी पुढे घेतली. मागे आपा थांबली होती, शब्द शोधत असावी. तेवढ्या जागेत किटलीचा आवाज भरत राहिला.