पत्रकातली मालनबाई

हर्षा मॅडमच्या वर्गाची एक रीत होती. धडा असो, बातमी असो की मोबाइलवर फिरणारा निरोप, वाचून झालं की आठवीची पोरं बाकावर हात आपटून विचारायची, "कशावरून?" लाखांदूरकडच्या त्या शाळेत ही खोड इतकी मुरली होती, की हेडमास्तरांनी सुट्टी जाहीर केली तरी कोणी तरी बाक वाजवायचंच.

त्या शनिवारी मॅडमनी सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या जडीबुटीचं पत्रक वाचायला दिलं. पोरांना तो नेहमीचा तास वाटला. पण मॅडमची लेक खुशबू सिकलसेलची रुग्ण होती. दुखणं उठलं की पोरगी हातपाय आवळून ओरडायची. भंडाऱ्याच्या दवाखान्यात चकरा मारून मायबाप टेकीला आले होते. सासू पंचफुलानं बाजारातून हे पत्रक आणि मुळीची पुडी आणली. पुडी देणाऱ्या वैद्याची अट एकच, दवाखान्याच्या गोळ्या बंद. सोमवारपासून त्या बंद होत्या. गावाच्या पोरांना "कशावरून" शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून घरात तो शब्द निघाला नाही. निघावा असं तिला वाटतही नव्हतं. पोरांपुढे हे पत्रक टिकावं, एवढीच तिची आस होती.

पोरं तुटून पडली.

"वैद्य सोताच सांगून राहिला, मॅडम. आपल्या दह्याले आंबट कोण म्हणते?"

"ज्याईले गुण नाही आला, त्याईचे फोटो कुठं हायेत?" धम्मदीपनं बाक वाजवला.

"पण पत्रकावरच्या फोटोतली ही बाई?" मॅडमचा आवाज चढला. "मी बरी झाली, असं ती स्वतः म्हणते. ती कशाला खोटं बोलेल?"

मॅडमच पत्रकाची बाजू घेताहेत, हे पोरांना नवीन होतं. लिलाधर उठला. त्यानं बाक वाजवला नाही.

"खोटं नाही बोलली, मॅडम. हे माही मोठी आई, मालनबाई. फोटो काढला तवा तिले बरंच वाटत होतं. म्हणून तं गोळ्या फेकल्या. दिवाळीच्या आत गेली."

"मंग फोटो अजून काहून हाय?" मागून कोणी तरी विचारलं.

"मेल्यावर विचाराले कोणी आलंच नाही."

शाळा सुटताच हर्षा घराकडे धावत सुटली. अंगणात खुशबू लंगडी खेळत होती. पंचफुलाचा आनंद गगनात मावत नव्हता.

"पाहा हर्षा, पोरगी खेळून राहिली! आता तुले आणखी कोणता पुरावा पाहिजे?"

फोटोत मालनबाईही हसतच होती. हर्षानं फळीवरची गोळी काढली, गिलासात पाणी घेतलं. सासूचंच खरं निघावं म्हणून तिनं जीवसुद्धा दिला असता.

"मम्मी, गोळी कायले? मी बरी झाली ना?"

त्या तोंडाकडे तिला बघवेना. तिनं लेकीला मांडीवर ओढलं आणि रडत रडत म्हणाली,

"नाही बेटा. बरी नाही झाली. आ कर."