हव म्हणणारी पाहुणी

सतरंजीवर बसलेली सगळी माणसं सारख्याच उंचीवर येतात. मित्रांनो, समता म्हणतात ती हीच, आणि ती मी इतकी वर्षं अंथरत आले. मग ग्रामपंचायतीने खुर्च्या घेतल्या.

सडक अर्जुनीजवळच्या एका गावातल्या समाजमंदिराची मी जुनी सतरंजी. मला तुरुंगात विणलं. विणणाऱ्याला बाहेर पडायचं होतं. मी आधी पडले. लग्नं, ग्रामसभा, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली नाटकं, सगळं माझ्यावर झालं. एका पुढाऱ्याने मला ‘दणकट’ म्हटलं होतं. नंतर मी कोपऱ्यात गेले.

यंदा मंडईच्या दिवशी दुर्पता आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याला, पुनारामला, घेऊन गावात आली. मंडईला घरोघरी पाहुणे असतात. तिला गोंडी येई आणि आमच्या बोलीतला एकच शब्द: हव, म्हणजे हो.

“टिकारामचे पाहुने होत का?” शामकलाबाईने विचारलं.

“हव.”

“केशोरावचे?” दुसऱ्याने विचारलं.

“हव.”

दोन्हीकडे जेवण मिळालं. झोपायला समाजमंदिरात मी होते.

मंडई संपली, पाहुणे गेले, हे दोघं राहिले. जंगलात लाकूडकामाला जाणाऱ्या बकारामला गोंडी येते. त्याने विचारून सांगितलं: राज्याच्या सीमेपलीकडे त्यांचं गाव होतं, दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधोमध. आता गाव नाही. सून-सासरा इथेच राहू द्या म्हणतात, धान कापणीला येतील.

तेवढ्यात समाजमंदिरात शाळेची वादविवाद स्पर्धा ठरली. विषय: युद्धातून पळालेल्यांना श्रीमंत देशांनी आसरा द्यावा का? अध्यक्ष, सरपंच केशोराव. मुलांना बसायला सतरंजी हवी होती, म्हणून दोघांना हलवायचं ठरलं.

“राहू द्या ना त्याइले,” शामकलाबाई केशोरावांना म्हणाली. “तुमचा इषय बी तोच आहे.”

“इषय श्रीमंत देशाचा आहे, बाई. आपला सडक अर्जुनी तालुका आहे.”

“मंग मंडईत काऊन जेवू घातलं?”

“तवा पाहुने होते.”

“बकाराम जंगलातून येऊ द्या. मंग इचारा तिले.”

केशोरावांनी बकारामची वाट पाहिली नाही. दुर्पताकडे वळून त्यांनी मोठ्याने विचारलं, “तुमी आपल्या गावाले वापस जाता ना?”

दुर्पता हसली. या शब्दाने आजवर जेवणच मिळालं होतं.

“हव.”

“पाहा. तिची मर्जी.”

त्यांची बोचकी बाहेर ठेवली, तेव्हा तिला समजलं. पुनारामने मला झटकलं, काठाला काठ जुळवून घडी घातली आणि दोघं सौंदडच्या रस्त्याला लागले. संध्याकाळी बकाराम सौंदडपर्यंत पाहून आला. एकटाच आला.

स्पर्धा छान झाली. “दार उघडा!” असं एक मुलगी ओरडली तेव्हा केशोरावांनी डोळे पुसले. तिचाच पहिला नंबर आला.

मित्रांनो, सतरंजी वापरून झाली की झटकावी, उन्हात टाकावी, नीट घडी करावी. पुनारामने केली तशी पुन्हा कोणी केली नाही. मला तशीच गोळा करून कोपऱ्यात टाकलं.

समाजमंदिराला आता कुलूप आहे. किल्ली केशोरावांकडे असते.